सांध्यावरची रेघ

बीडच्या बसस्टँडामागच्या बोळात आफ्रीनचं दुकान आहे. दुकान म्हणायचं म्हणून म्हणायचं; दोन माणसं आत उभी राहिली तर तिसऱ्याने बोळातच थांबावं. मोबाईलच्या काचा, घड्याळांच्या काचा, चष्मे, हेल्मेटं, ज्याच्यावर म्हणून ओरखडे पडतात ते सगळं ती घासून नितळ करून देते. ओरखडा बघितला की तो कशाने पडला हे ती सांगते. किल्लीचा वेगळा, वाळूचा वेगळा, लेकराच्या दाताचा वेगळा. ही विद्या तिला बापाकडून आली. आणि बापाबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर हातातलं फडकं खाली ठेवून भांडायची खोडही त्याच्यामुळेच लागली.

त्या दिवशी दुपारी एक पांढरं धोतर आणि टोपी घातलेला साठीचा माणूस आला. त्याने खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक डबी काढली आणि काउंटरवर ठेवली.

"पोरी, ह्याच्यावरले ओरखडे निघतील का? लई घाण झालीय. आतलं काईच दिसंना."

डबी तळहाताएवढी, चपटी, पारदर्शक प्लास्टिकची. आत मधोमध एक पिवळं नाणं आणि वर छापील चिठ्ठी. आफ्रीनने ती बघितली आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अशी डबी तिने आयुष्यात एकदाच बघितली होती, नऊ वर्षांपूर्वी, बापाच्या टेबलावर.

"नाव काय लिहू?"

"बद्रीनाथ. तेलगावचा. मोहनअण्णाचा धाकटा भाऊ म्हणलं की कुणीबी सांगंल."

लिहायची गरज नव्हती. ते नाव तिच्या घरात रोज न उच्चारता घेतलं जात होतं.

बद्रीनाथ बोलका माणूस. त्याने न विचारता सांगितलं. वडिलांना जाऊन वर्ष झालं, रविवारी वर्षश्राद्ध आहे. आई, विमलबाई, हट्टाला पेटलीय की त्यांच्या फोटोपुढं ही डबी ठेवायची. नाणं खोटं आहे, हे सगळ्या तालुक्याला माहीत. पण डबी तरी म्हाताऱ्याचीच. अण्णा देत नव्हता, आईने चार माणसांत मागितली म्हणून कपाटातून काढून दिली.

"खोटं कसं?" आफ्रीनने विचारलं. आवाज नीट ठेवायला तिला जोर लावावा लागला.

"अगं, खरी अशरफी हुती. निजामाची, चारमिनारचा छाप. आमच्या बापानं मुंबईला पाठवून तपासून आणली, दर्जा लावून ह्या डबीत शिक्कामोर्तब करून आणली. दोन्ही झाकणं मशीननं अशी एकजीव करतेत की उघडायची तर फोडावीच लागती. मग एका घड्याळवाल्यानं बदलली. जाऊ दे, जुनी गोष्ट हाय. अण्णानं माफ बी केलं त्याला."

"रविवारी सकाळी मीच आणून देते, काका," आफ्रीन म्हणाली. "फोटोपुढं ठेवायची वस्तू हाय. बसमधी पुन्हा घासली जाईल."

बद्रीनाथ खूश होऊन गेला. भला माणूस होता, आणि भल्या माणसांचा हाच त्रास असतो. घरातला मोठा जे सांगेल ते त्यांना देववाणी वाटतं.

तो घड्याळवाला म्हणजे दस्तगीर, आफ्रीनचा बाप. बीडमध्ये त्याच्या हाताला नाव होतं. बंद पडलेलं घड्याळ त्याच्या टेबलावर नुसतं ठेवलं तरी चालू होतं असं लोक म्हणायचे. मोहनरावांनी, म्हणजे बद्रीनाथच्या अण्णाने, डबी त्याच्याकडे सकाळी ओरखडे काढायला दिली आणि दुपारी नेली. महिन्याने मोहनराव परत आले ते दहा माणसं घेऊन. आत पितळ आहे, खरी अशरफी तू काढून घेतलीस, म्हणून त्यांनी भर बाजारात दस्तगीरला दुकानाबाहेर ओढलं. टेबलाचा खण रस्त्यावर पालथा केला. डोळ्याला लावायचं भिंग हिसकावून बुटाखाली दाबलं. दस्तगीर एकच ओरडत होता, "रेघ बघा, अण्णा, डबीवरली रेघ बघा." कुणी बघितली नाही. डबी मोहनरावांच्या खिशात होती आणि ती खिशातच राहिली.

मग मोहनरावांनी हात वर करून गर्दी गप्प केली आणि म्हणाले, "गरीब माणूस हाय. लेकीबाळी हायत त्याला. मी तक्रार देत न्हाई. मी माफ केलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आफ्रीनने पंधराव्या वर्षी, बापाच्या सदऱ्याला धरून ऐकल्या. तक्रार नाही म्हणजे चौकशी नाही, चौकशी नाही म्हणजे डबी कुणी हातात घेणार नाही. चोर तो चोर आणि वर शिरजोर. पण ही चलाखी तेव्हा कुणाच्या डोक्यात शिरली नाही. मोठ्या मनाचा माणूस म्हणून मोहनराव त्याच साली पंचायत समितीवर निवडून आले. दस्तगीरचं दुकान बंद पडलं. हुस्नाचं, आफ्रीनच्या थोरल्या बहिणीचं, ठरलेलं लग्न मोडलं. ज्याच्या हातात केसाएवढी स्प्रिंग थरथरत नव्हती, तो माणूस आता बाजारतळावर केळीचा गाडा लावतो.

बद्रीनाथ बोळाबाहेर गेल्यावर आफ्रीनने शटर अर्धं ओढलं. तिने थिनरची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला. हे प्लास्टिक थिनर सोसत नाही. एक हात फिरवला की डबी मोतीबिंदू झाल्यासारखी पांढरी होते, तिला जगातला कुणी पुन्हा साफ करू शकत नाही. ठेवा म्हणावं फोटोपुढं. बोळा डबीपासून बोटभर अंतरावर होता, तेव्हा तिची नजर डबीच्या कडेवर गेली आणि हात थांबला.

वापराने पडलेले ओरखडे बेवारशी असतात, कुठूनही येतात आणि कुठंही जातात. डबीच्या तोंडावरचे तसेच होते. पण कडेवरचे सगळे एकाच दिशेने गेलेले, एकासारखे एक. कुणीतरी मुद्दाम पॉलिश पेपर घेऊन ही कड घासली होती. कपाटात बंद असलेल्या डबीची कड कोण घासतं, आणि कशाला?

तिने बोळा फेकून दिला. कडेवर पाण्याचा थेंब सोडला. पाणी भरलं की बारीक ओरखडे दिसेनासे होतात आणि खोल असेल तेवढंच उरतं. मग तिने भिंग लावलं.

खाली एक उभी रेघ होती. दोन टोकांना दोन ठिपके. सुईने कोरून काळ्या शाईने भरलेली बापाची निशाणी. दस्तगीर ज्या घड्याळाला हात लावी त्याच्या झाकणाच्या आतून ही खूण करी, जुन्या घड्याळवाल्यांची रीतच ती. ही डबी उघडत नव्हती, म्हणून त्याने खूण बाहेरून केली होती, आणि कुठं, तर बरोबर दोन झाकणांच्या सांध्यावर. अर्धी रेघ वरच्या झाकणावर, अर्धी खालच्या.

ती अर्धी त्या अर्धीला मिळत नव्हती. केसभर सरकली होती. सांध्यालगत आतल्या बाजूने गोंदाची पांढरी झाक धरलेली होती. रेघ मारल्यानंतर कुणीतरी सांधा उकलून डबी पुन्हा चिकटवली होती.

संध्याकाळी ती बाजारतळावर गेली. दस्तगीर उरलेल्या केळ्यांवर गोणपाट टाकत होता. तिने डबी दाखवली नाही, नुसतं सांगितलं. तो बराच वेळ गोणपाटाची कड नीट करत राहिला.

"दोन्ही अर्धी जुळत न्हाईत?"

"केसभर सरकलंय, अब्बा."

आता अब्बा म्हणतील, सोड, झालं गेलं, अल्ला बघून घेईल. नऊ वर्षं ते हेच म्हणत आले होते, आणि नऊ वर्षं तिला त्याचा संताप आला होता. दस्तगीरने गोणपाटावर दगड ठेवला.

"कडेवरला पेपरचा खरखरीतपणा काढ. नुसत्या डोळ्याला दिसली पायजे. पण हात हलका ठेव बेटा. एक हात जादा फिरला तर रेघ बी जाईल." मग गाडा ढकलता ढकलता म्हणाला, "रविवारी मी बी येतो."

ते काम तिने चार दिवस केलं. डबीचं तोंड तासाभरात आरशासारखं झालं. कडेने मात्र घाम काढला. पेस्ट बोटाच्या टोकावर घ्यायची, शामीच्या, मऊ कातड्याच्या, तुकड्याने दोनदा फिरवायचं, पुसायचं, भिंग लावायचं, श्वास सोडायचा. खरखरीतपणा जायला हवा आणि रेघ राहायला हवी, आणि दोन्हींमध्ये कागदाएवढं अंतर. एकदा वरचा ठिपका फिका झाला तेव्हा ती खुर्चीतून उठून बोळात जाऊन उभी राहिली. शनिवारी दुपारी रेघ नुसत्या डोळ्याला दिसायला लागली.

बद्रीनाथला दुकानात बोलावून सांगता आलं असतं. पण मग काय झालं असतं? भाऊ भावापाशी गेला असता, आई मध्ये पडली असती, घरातलं घरात मिटलं असतं. दस्तगीरची अब्रू काय घरात गेली होती? ती गर्दीत गेली होती. ती गर्दीतच परत घ्यायची, असं तिने ठरवलं होतं. आणखी एक गोष्ट तिला ठाऊक होती. मोहनरावांचं चोराला माफ केल्याचं एक भाषण मोबाईलवर फिरलं होतं, आणि जखमेवरची खपली काढावी तसं तिने ते शंभरदा ऐकलं होतं. त्यातला शब्द न् शब्द तिला पाठ होता.

रविवारी तेलगावात मांडव भरलेला होता. फोटोला हार, पुढं समई, पंगती बसायच्या होत्या. पाहुणे आसपासच्या गावांतून आलेले. मोहनराव मधोमध खुर्चीत, कडक इस्त्री, कमरेला चाव्यांचा जुडगा. दस्तगीर मांडवाच्या कडेला, चपलांच्या ढिगापाशी उभा राहिला. नऊ वर्षांत दाढी पांढरी झाली होती. त्याला कुणी ओळखलं नाही. केळीवाल्याकडे कोण निरखून बघतं?

आफ्रीनने डबी बद्रीनाथच्या हातात दिली. ती बघून विमलबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. "अगदी त्यांनी आणली तवा हुती तशी दिसायली," म्हातारी म्हणाली.

"अण्णा," आफ्रीन मोहनरावांना म्हणाली, "काकांनी सांगितलं, ह्या डबीतली खरी अशरफी कुण्या चोरानं बदलली. कसं झालं ते?"

मोहनरावांना गोष्ट सांग म्हणणं म्हणजे बैलाला पेंड दाखवणं. ते खुर्चीत सावरून बसले. सिरसाळ्याचे उत्तरेश्वर गुरुजी, घरचे व्याही, म्हणाले, "सांगा अण्णा, पोरगी नवी हाय."

"सकाळी दिली, दुपारी घेतली," मोहनराव सुरू झाले. "एकदाच. त्याच्या पुढं त्याच्या दारात मी डबी नेली न्हाई. घरी आणली ती ह्या कपाटात, आणि चावी ह्या कमरेला. बायकोच्या हातात बी दिली न्हाई कधी." लोक हसले. "आता चोराची अक्कल बघा. मी निघालो, तर मला म्हणतो, थांबा अण्णा. आणि माझ्यासमोर, ह्या माझ्या डोळ्यांसमोर, डबीच्या सांध्यावर सुईनं उभी रेघ मारली. दोन ठिपके दिले. वर मलाच भिंग लावून दाखवलं. म्हणतो, बघा, सरळ हाय का? मी म्हणलं, सरळ हाय बाबा. मग म्हणतो, अण्णा, ही रेघ मोडल्याबिगर डबी उघडत न्हाई. म्हणजे आत पितळ भरून मलाच कुलूप लावून दाखवतो, बोला!"

मांडव हसला. हसू यायच्या जागा सगळ्यांना ठाऊक होत्या. गोष्टीला मीठ लागतं म्हणून मोहनराव दर वेळी ही रेघ घालायचे, आणि नऊ वर्षं त्या मिठाने त्यांचा काही तोटा केला नव्हता. कड घासून टाकली म्हणजे रेघ मेली, असंच ते धरून चालले होते.

"म्हणजे तुमच्याकडं आली तवा रेघ सरळ हुती," आफ्रीन म्हणाली.

"सांगतो काय मग? ह्या डोळ्यांनी बघितली."

"आणि तवापासून चावी तुमच्याच कमरेला."

"माझ्याच." मोहनरावांनी जुडगा वाजवून दाखवला.

आफ्रीनने पर्समधून एक भिंग काढलं. त्याच्या काचेला कडेपासून कडेपर्यंत तडा होता. "काका, काम बघून घ्या. आमच्यात गिऱ्हाइकानं भिंगातून बघितल्याबिगर वस्तू देत न्हाईत. कडेवर बघा, चिठ्ठीच्या बाजूला."

बद्रीनाथने भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ लावलं. "एक रेघ ऱ्हायलीय," तो म्हणाला.

"ऱ्हायली न्हाई, ठेवलीय. सरळ हाय का?"

बद्रीनाथने डबी उत्तरेश्वर गुरुजींकडे दिली. गुरुजींनी आधी चष्म्यातून बघितलं, मग भिंगातून, आणि पोरांना फळ्यावरचं वाचून दाखवावं तसं मोठ्याने म्हणाले, "वरला अर्धा एकीकडं, खालला अर्धा दुसरीकडं. मोडलीय."

मांडवात कुणी हसलं नाही. पाठीमागचे पुढच्यांना विचारायला लागले, पुढचे सांगायला लागले, आणि सांगता सांगता ज्याच्या त्याच्या ध्यानात आलं.

मोहनराव उठले. "त्यानंच उघडली असंल. हरामखोर त्यो..."

"कवा उघडली?" दस्तगीर चपलांच्या ढिगातून पुढं आला. चढा आवाज नव्हता. "रेघ तुमच्यासमोर मारली. सरळ हाय म्हणलात. डबी तुमच्या हातात दिली. त्याच्यापुढं माझ्या दारात आली न्हाई, आत्ताच म्हणलात. मग अण्णा, मी कवा उघडली?"

मोहनरावांनी त्याला ओळखलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना आफ्रीनने बघितला, डोळे न हलवता, पुरता, शेवटपर्यंत बघितला. नऊ वर्षं ती ह्याच्यासाठी थांबली होती आणि तिला जराही वाईट वाटलं नाही. उलट तिला वाटलं, हुस्नानेही यायला हवं होतं.

मोहनराव भावाकडे वळले. "बद्री, तू तरी..."

"बाप विचारत हुता," बद्रीनाथ म्हणाला. "मरायच्या आदल्या दिवशी विचारत हुता, माझी अशरफी सापडली का. तू उशाला बसलेला हुतास."

विमलबाई फोटोपुढून उठली. ऐंशीची म्हातारी, गुडघ्यावर हात ठेवून उठली, आणि थोरल्या लेकापुढं येऊन तिने तळहात पसरला.

"मोहन, चावी काढ."

"आई, लोकांसमोर..."

"त्याचा खण बी लोकांसमोरच पालथा केलतास. चावी काढ."

मोहनरावांनी जुडगा सोडला. गाठ सुटायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळा मांडव गाठीकडे बघत होता.

पण मोहनराव म्हणजे राजकारणात मुरलेला माणूस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यांनी आवाज मऊ केला आणि दस्तगीरपुढं हात जोडले. "दस्तगीरभाई, माणसाकडून चूक होती. मोठ्या मनानं माफ करा." लगेच दोन-चार शहाणेही पुढं झाले. जाऊ द्या चाचा, श्राद्धाचा दिवस आहे, तुमी समजदार, सोडून द्या. अपराध्यापेक्षा हे शहाणे बरेचदा जास्त चीड आणतात. आफ्रीनने बापाकडे बघितलं. अब्बा मऊ माणूस. हात जोडलेल्याला ते नाही म्हणत नाहीत.

"न्हाई," दस्तगीर म्हणाला.

शहाणे थबकले.

"नऊ वर्षं मी माफ केलेला माणूस हाय. केळी घेताना लोक माझ्या हाताकडं बघतेत. ते कसं असतं ते मला ठावं हाय. तुमाला मी माफ करत न्हाई, अण्णा. आज बी न्हाई, मरताना बी न्हाई." त्याने गुरुजींच्या हातातून तडा गेलेलं भिंग घेतलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि खिशात ठेवलं. "ती डबी जपून ठेवा, बद्रीनाथभाऊ. तक्रार मी देणार हाय."

विमलबाईने बापलेकीला पान वाढायला सांगितलं होतं. ते न जेवताच निघाले. फाट्यावर एसटीची वाट बघताना दस्तगीर मधून मधून खिशावर हात ठेवून भिंग आहे का बघत होता.

तिसऱ्या दिवशी आफ्रीनच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं, मोबाईलची काच घासायला. सिरसाळ्याचा माणूस, तोंडाने फटकळ. काउंटरला टेकला आणि म्हणाला, "तेलगावच्या मोहनअण्णाचं ऐकलं का? लई मज्जा झाली. आमच्याकडं पारावर दुसरं काईच चालना. माणूस सोताच्याच चोरीची गोष्ट नऊ वर्षं सांगत फिरत हुता, आणि रविवारी सांगता सांगता सोताच घावला. पंचायत समितीत गेला तर शिपाई बी विचारायलाय, अण्णा, रेघ सरळ हाय का?"

आफ्रीनने त्याचा मोबाईल बाजूला ठेवला. बोळाच्या तोंडाशी असलेल्या टपरीला हात करून दोन चहा सांगितले, आणि त्याच्यासाठी स्टूल पुढं सरकवलं.

"बसा," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."